पद्मिनीचे इंजिन : तेलाच्या वाटेतला चुरा, ६८.६० चा बोअर आणि पन्हाळ्याचा चढ

मागच्या नोंदीत गाडीचे इंजिन चेन-पुलीवर टांगलेल्या अवस्थेत सोडले होते. त्यानंतर जवळपास पाच महिने गेले. या काळात केलेल्या कामाची मापे, चुकलेले अंदाज आणि सध्याची स्थिती येथे सविस्तर देत आहे. गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी असून इंजिन नेहमीचे चार सिलिंडरांचे, पुशरॉडचे (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणारे), १०८९ सीसीचे आहे. ६८ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचे हेड आणि क्रँकला (पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) तीनच मेन बेअरिंगे ही त्याची रचना फियाट ११०० पासून चालत आलेली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या या इंजिनावर महाराष्ट्रात दोन पिढ्यांचे मिस्त्री तयार झाले आणि त्यामुळेच ते पुन्हा उभे करण्याची विद्या अजून आपल्याकडे शिल्लक आहे.

इंजिन उतरवण्यापूर्वी घेतलेली कॉम्प्रेशनची (पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणाऱ्या दाबाची) आकडेवारी आधी देतो, कारण पुढचा सगळा तपास तिच्यावरून झाला. चार सिलिंडरांत अनुक्रमे ११८, ९६, १२१ आणि ८४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब मिळाला. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले. दुसऱ्या सिलिंडरचा दाब ९६ वरून ११२ वर गेला, म्हणजे तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली आणि दोष रिंग-बोअरमध्ये होता. चौथ्याचा दाब मात्र ८४ वरून जेमतेम ८६ झाला, म्हणजे तिथे हवा व्हॉल्व्हमधून निसटत होती. हेड काढल्यावर चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका बाजूने जळून कडा खाल्लेला निघाला. दहा मिनिटांच्या या चाचणीमुळे कोणत्या सिलिंडरमध्ये काय शोधायचे हे आधीच ठरते, म्हणून इंजिन उघडण्याची घाई करण्यापूर्वी ती प्रत्येकाने करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरा धक्का बॉटम, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग, उघडल्यावर बसला. हे इंजिन अकरा वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये पूर्ण बांधून घेतले होते आणि त्यानंतर गाडी फक्त २२,००० किलोमीटर चालली होती. तरीही तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर खोल ओरखडे होते आणि क्रँकची तिसरी पिन (जिच्यावर तो रॉड बसतो) ०.०४ मि.मी. अंडाकृती झाली होती. तेल मी वेळेवर बदलत होतो आणि तेलाचा दिवाही कधी लागला नव्हता, त्यामुळे कारण कळेना. बेअरिंगचा अर्धगोल दिव्याखाली धरून भिंगातून पाहिला, तेव्हा त्याच्या करड्या, मऊ थरात अगदी बारीक, चकचकीत कण रुतलेले दिसले. ब्लॉकमधल्या मुख्य तेलवाहिनीच्या टोकाचा प्लग (बूच) अकरा वर्षांपूर्वी काढलाच गेला नसावा अशी शंका आली. प्लग इतका घट्ट बसला होता, की त्याच्या भोवतालचा भाग तापवून दोन दिवस रॉकेलमध्ये भिजवल्यानंतरच तो हलला. मग आत लांब दांडीचा तारेचा ब्रश घालून बाहेर ओढला. पांढऱ्या फडक्यावर काळी, घट्ट लोण्यासारखी पेस्ट आली आणि ती बोटांनी पसरवल्यावर तिच्यात बिडाचा चुरा चमकू लागला. मागच्या वेळी बोअर करताना पडलेला तो चुरा वाहिनीत तसाच राहिला होता आणि तेलाबरोबर थोडा थोडा सुटून बेअरिंगांकडे जात होता.

त्या दिवसानंतर मी या कामात एक गोष्ट पक्की केली. मशीनशॉपमधून आलेला कोणताही भाग स्वच्छ आहे असे गृहीत धरायचे नाही. सगळे प्लग स्वतः काढायचे, प्रत्येक वाहिनीतून ब्रश स्वतः फिरवायचा आणि मगच नवे प्लग बसवायचे.

मशीनिंगचे काम शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. कोल्हापुरात राहण्याचा या छंदाला मोठा फायदा आहे, कारण ऑइल इंजिने आणि फाउंड्री यांच्यामुळे बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि मॅग्नाफ्लक्सने (चुंबकीय चाचणीने) तडे तपासण्याची सोय हाकेच्या अंतरावर मिळते. ज्या मिस्त्रींकडे ब्लॉक नेला, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी ब्लॉक ठेवून आठवड्याने येतो म्हणालो, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "पिस्टन कुठं हैत, साहेब? पिस्टन हातात आल्याबिगर मी बोअर करत नसतोय." त्यांचे म्हणणे रास्त होते. डब्यावर ६८.६० लिहिलेले असले, तरी चार पिस्टन चार सूक्ष्म मापांचे निघू शकतात. त्यामुळे प्रत्येक पिस्टन त्याच्या स्कर्टवर (खालच्या भागावर), गजन-पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात मायक्रोमीटरने मोजून त्या-त्या सिलिंडरचा बोअर त्या-त्या पिस्टनला जुळवून घेणे हीच योग्य पद्धत आहे.

माझ्या ब्लॉकचा बोअर मागच्या वेळी ६८.४० केलेला होता. बोअर गेजने मोजल्यावर वरच्या रिंगच्या वळणाजवळ दुसऱ्या सिलिंडरचे माप ६८.५३ आणि तळाशी ६८.४२ आले, म्हणजे ०.११ मि.मी. निमुळतेपणा. सर्वाधिक झीज नेहमी याच जागी सापडते, कारण तिथे रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते, तेलाचा थर पातळ होतो आणि ज्वलनाचा दाबही तिथेच सर्वांत जास्त असतो. ६८.६० वर सगळे सिलिंडर स्वच्छ निघणार होते, म्हणून स्लीव्ह (सिलिंडरची नवी आतली नळी) टाकण्याची गरज पडली नाही. पिस्टनचा संच कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात मिळाला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्यापासून या दुकानांतला माल हळूहळू आटत चालला आहे, त्यामुळे ज्यांना ओव्हरसाइज पिस्टन किंवा बेअरिंग लागणार आहेत त्यांनी ती आताच घेऊन ठेवावीत. पिस्टन ६८.५५ चे निघाले आणि अण्णांनी चारही बोअरमध्ये ०.०५ मि.मी. क्लिअरन्स (मोकळी फट) ठेवला. होनिंगच्या (बोअर दगडाने घासल्यावर उठणाऱ्या) रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांनी छेदतील अशी त्यांना विनंती केली होती आणि त्या तशाच आल्या.

होनिंगनंतरच्या धुण्याबद्दल वेगळे लिहितो, कारण इथे फार जण चुकतात. रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतल्यावर तेल जाते, पण होनिंगच्या दगडाचे बारीक कण रेघांमध्ये अडकून राहतात. ते फक्त गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण आणि कडक ब्रश यांनी निघतात. मी चारही सिलिंडर सहा वेळा घासले आणि तेलात बुडवलेले पांढरे फडके आतून फिरवल्यावर ते पांढरेच बाहेर येईपर्यंत थांबलो नाही. धुतल्यानंतर ताबडतोब कोरडे करून तेल लावावे लागते. दमट हवेत बिडावर काही मिनिटांतच तांबूस गंज धरू लागतो.

क्रँक ०.५०८ मि.मी. अंडरसाइज (मूळ मापापेक्षा बारीक), म्हणजे आपल्या भाषेत वीस थाऊ (इंचाचे वीस हजारांश), ग्राइंड करावा लागला. ग्राइंडिंगवाल्यांना लेखी दिले होते की पिनच्या दोन्ही कडांची गोलाई मूळ तितकीच राहिली पाहिजे. तीन मेन बेअरिंगांच्या क्रँकमध्ये दोन आधारांच्या मधल्या अंतरात दोन-दोन पिना येतात, त्यामुळे तो पाच बेअरिंगांच्या क्रँकपेक्षा जास्त वाकतो. कोपरा धारदार राहिला तर तडा तिथूनच सुरू होतो. काम झाल्यावर मॅग्नाफ्लक्स करून घेतले आणि क्रँक निर्दोष निघाला. त्याच कारणाने वजनांकडेही लक्ष दिले. चार कनेक्टिंग रॉडमधला फरक ११ ग्रॅम होता. मोठे आणि लहान टोक वेगवेगळे तोलून तो १ ग्रॅमच्या आत आणला. टॅपेट (कॅमच्या उंचवट्यावर चालून व्हॉल्व्ह उघडणारे तुकडे) मात्र जुनेच ठेवले आणि कॅमवर ज्याची जी जागा होती तिथेच प्रत्येक परत गेला. त्यासाठी अंड्यांच्या ट्रेवर क्रमांक घालून ठेवले होते.

हेडची पृष्ठपातळी ०.१८ मि.मी. वाकलेली होती. अॅल्युमिनियमचे हेड एकदा जरी गरम होऊन पाणी उडाले, तरी असे होऊ शकते. फेसिंगमध्ये (पृष्ठभाग सपाट करताना) ०.२५ मि.मी. काढले. एक्झॉस्टला नव्या, कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या, कारण पेट्रोलमधले शिसे २००० साली देशभर बंद झाले आणि जुन्या सीटना त्या शिशाचे जे संरक्षण होते ते राहिले नाही. त्यानंतर आरपार दिसणारी ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवून, ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडून चारही कंबस्चन चेंबरचे आकारमान मोजले. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चेंबरमध्ये १.५ सीसीचा फरक होता. लहान चेंबरची भिंत हळूहळू घासून सगळे मोठ्याच्या बरोबरीला आणले. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून प्रत्येक सिलिंडरची एकूण शिल्लक जागा ४२ सीसी आली. नव्या बोअरने प्रत्येक सिलिंडर २७७.२ सीसीचा झाला, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडर अधिक शिल्लक जागा भागिले शिल्लक जागा) ७.६. इंजिनाची एकूण क्षमता आता १,१०९ सीसी भरते. रेशो याहून वर नेण्याचा मोह झाला होता, पण तीन बेअरिंगांच्या क्रँकवर तो भार टाकायचा नाही असे ठरवले आणि आजही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

जोडणी फार बोलण्यासारखी नाही. ती सावकाश केली एवढेच. रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) प्रत्येक सिलिंडरमध्ये मोजून ०.२५ ते ०.३० मि.मी. मध्ये ठेवला. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, स्टार्टरने थोडे-थोडे फिरवून तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबलो आणि मगच प्लग लावले. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाले.

ट्यूनिंगचा खरा प्रश्न आताच्या इंधनाचा आहे. ज्या काळात सोलेक्स कार्ब्युरेटरचे जेट (इंधन सोडणारी बारीक भोके) ठरले, त्या काळात पेट्रोल शुद्ध पेट्रोल होते. आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० मध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या १ भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला ९ भाग पुरते. मिश्रणाला म्हणूनच १३.५ च्या आसपास हवा लागते, आणि जेट तोच ठेवला तर गाडी लीन (इंधन कमी, हवा जास्त) चालते. माझ्या बाबतीत तसेच झाले. निम्म्या थ्रॉटलवर गाडी झटके द्यायची आणि प्लगचे पोर्सिलेन पांढरेफटक निघायचे. मेन जेट १२० चा होता, तो १२५ चा केला. हा आकडा भोकाच्या व्यासाचा, मि.मी.च्या शंभराव्या भागात असल्याने क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते आणि आपल्याला लागणारे वाढीव इंधन साधारण तेवढेच आहे. दोनशे किलोमीटरनंतर काढलेले चारही प्लग फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचे होते. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा घातला, कारण जुना पडदा फुगून मऊ झाला होता.

उन्हाळ्यात पद्मिनी रस्त्याच्या कडेला थांबवून फ्युएल पंपावर ओले फडके टाकणारे चालक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत; मी स्वतः बाबांना कित्येकदा तसे करताना पाहिले आहे. पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटण्याचा हा दोष कमी करण्यासाठी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये ८ मि.मी. जाडीचा बेकेलाइटचा तुकडा घातला आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली. एप्रिलच्या उन्हात अर्धा तास ट्रॅफिकमध्ये उभे राहूनही गाडी अजून एकदाही अडली नाही.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधी मॅन्युअलच्या खुणेवर ठेवले आणि नंतर दोन अंश पुढे घेतले. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढल्याने एवढे पुढे घेऊनही चढावर खडखड येत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या), वेग वाढला की ठिणगी आधी पाडणाऱ्या सेंट्रिफ्युगल वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्या होत्या, त्यामुळे पूर्ण ॲडव्हान्स फार लवकर येत होता. स्प्रिंगा बदलल्यावर टायमिंग लाइटखाली मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर एकूण ३२ अंश मिळाले.

पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल बदलले, टॅपेट पुन्हा सेट केले आणि कॉम्प्रेशन मोजले. १४०, १३९, १४२ आणि १४० पीएसआय. जुने तेल चुंबक घालून तपासले, तेव्हा पहिल्या रनिंग-इनची अपेक्षित करडी झाक तेवढी दिसली आणि चकाकणारा एकही कण सापडला नाही. मागच्या रविवारी बाबांना शेजारी बसवून पन्हाळ्यापर्यंत गेलो. सुमारे चारशे मीटरचा तो चढ गाडीने तिसऱ्या गियरमध्ये, तापमानाचा काटा मध्याच्या थोडा खाली ठेवून पार केला. वर पोहोचल्यावर बाबांनी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवून पाहिला आणि काही न बोलता बॉनेट बंद केले.

आता राहिले आहे ते डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टच्या बुशचे काम. बुशात थोडा खेळ आहे, त्यामुळे पॉइंटची (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणाऱ्या संपर्काची) गॅप प्रत्येक कॅमला सारखी येत नाही आणि आयडलिंगला एक हलकी मिसिंग (मधेच ठिणगी चुकणे) जाणवते. फॉस्फर ब्रॉन्झचे नवे बुश लेथवर करून घ्यायला दिले आहेत. ते बसवल्यावर चारही सिलिंडरांची टायमिंग लाइटखालची मापे पुढच्या नोंदीत देईन.