सांगाडा अंगाबाहेर असला तर

शाळेतल्या दिवसांविषयी आणि गुरुजनांविषयी या स्मरणिकेत पुष्कळांनी लिहिले असेलच. मी मात्र जीवशास्त्राच्या एकाच पाठाविषयी लिहिणार आहे, कारण पुढे कीटकशास्त्राकडे मी वळलो तो त्या पाठामुळे. पुस्तकात कीटकांची लक्षणे ओळीने दिलेली होती: डोके, वक्ष आणि उदर असे शरीराचे तीन भाग, वक्षाला जोडलेले सहा पाय, डोक्यावर शृंगिकांची एक जोडी आणि बहुतेकांना पंख. आठ पायांचा, शृंगिका नसलेला कोळी कीटक का नाही, हे तेवढ्यावरून सांगता येत असे आणि परीक्षेपुरते ते भागतही असे. आमच्या बाईंचे मात्र त्यावर भागत नसे. त्यांनी फळ्यावर ‘सांगाडा बाहेर आहे’ एवढेच लिहिले आणि बाकीचे त्यातून आम्हीच काढावे, असा आग्रह धरला.

कायटिन हा चिवट पदार्थ आणि प्रथिने यांचे ते कवच शरीराला आधार देते, पाणी उडून जाऊ देत नाही आणि स्नायूंना आतून धरून ठेवते. पण एकदा कडक झाले की ते वाढत नाही. मग कीटकाने वाढायचे कसे? जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच तयार होते, जुने पाठीवर उकलते आणि बाहेर आलेला कीटक हवा गिळून अंग फुगवतो, म्हणजे नवे कवच कडक होण्यापूर्वी ते प्रशस्त होते. कधीतरी दिसणारे पांढरे झुरळ वेगळ्या जातीचे नसते, त्याने नुकतीच कात टाकलेली असते, आणि काही तासांत ते नेहमीसारखे तपकिरी होते.

श्वसनाचा भाग मला आजही सर्वांत विलक्षण वाटतो. कीटक तोंडाने किंवा नाकाने श्वास घेत नाही. कवचाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात (झुरळात त्यांच्या दहा जोड्या आहेत) आणि त्यांतून निघालेल्या, फाटे फुटत बारीक होत जाणाऱ्या नलिका हवा थेट पेशींपर्यंत नेतात. ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम रक्ताकडे जवळजवळ नसतेच, म्हणून बहुतेक कीटकांच्या रक्तात हिमोग्लोबिन नसते आणि ते लाल दिसत नाही. डास चिरडल्यावर दिसणारा लाल डाग त्याने शोषलेल्या रक्ताचा असतो; ‘त्याने’ म्हणणेही चुकीचेच, कारण अंड्यांसाठी लागणारी प्रथिने मिळवायला चावते ती मादी. डोके तुटलेले झुरळ अनेक दिवस जिवंत राहते, यामागेही श्वसनासाठी डोक्याची गरज नसणे हे एक मोठे कारण आहे. कीटक फार मोठे का होत नाहीत, याच्याशीही या नलिकांचा संबंध जोडला जातो. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, हवेत ऑक्सिजनचे प्रमाण आजच्याहून जास्त असताना, चतुरासारखे दिसणारे आणि पंखांचा विस्तार 65 सेंटीमीटरच्या आसपास असलेले कीटक होऊन गेले.

रूपांतरण आम्ही चित्रे काढून शिकलो. नाकतोड्याचे पिल्लू प्रौढासारखेच दिसते, फक्त त्याचे पंख अपुरे असतात. फुलपाखराच्या आयुष्यात मात्र अंडे, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्था येतात. कोषात अळीच्या स्नायूंचा आणि आतड्याचा बराचसा भाग मोडला जातो, आणि अळीच्याच अंगात आधीपासून जपलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून पंख, पाय आणि संयुक्त नेत्र घडतात. पूर्ण पंख आल्यानंतर कात टाकणे संपते, त्यामुळे वाढही संपते. याला मेफ्लायसारखा विरळाच अपवाद. लहान माशी ही मोठ्या माशीचे पिल्लू नव्हे, हे बाईंनी सांगितल्यावर वर्गात बराच वेळ वाद चालला होता.

कात टाकण्याची आज्ञा एक्डायसोन या संप्रेरकाकडून येते, हे मला महाविद्यालयात कळले. कात टाकण्याच्या वेळी ज्युव्हेनाइल हॉर्मोन हे दुसरे संप्रेरक भरपूर असेल तर कातीतून पुन्हा अळीच बाहेर येते, आणि त्याचे प्रमाण घटले की कोष तयार होतो. मेथोप्रीन हे रसायन याच दुसऱ्या संप्रेरकाची नक्कल करते. साचलेल्या पाण्यात ते टाकले तर डासांच्या अळ्या लगेच मरत नाहीत, खातपीत मोठ्या होतात आणि कोषातही जातात. पण त्या कोषांतून प्रौढ डास सहसा बाहेर पडत नाहीत.