आठवी ओळ

काउंटे कलन या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची ‘इन्सिडेंट’ मी एस.वाय.च्या वर्गाला दरवर्षी शिकवते. बाराच ओळींची कविता, १९२५ साली आलेल्या ‘कलर’ या संग्रहातली. आठ वर्षांचा काळा मुलगा बाल्टिमोरमध्ये गाडीतून चाललाय, एकदम खुशीत. त्याच्याच एवढा एक गोरा मुलगा त्याच्याकडे टक लावून बघतो. हा हसतो. तो जीभ काढून दाखवतो आणि एक शिवी हासडतो. मग हा मे ते डिसेंबर तिथे राहतो, सगळं शहर बघतो, पण लक्षात राहतं ते एवढंच.

चाल बडबडगीताची. सहाव्या ओळीच्या शेवटी ‘बिगर’ येतं, तो काही माझ्याहून मोठा नव्हता या अर्थाने. कान यमकाची वाट बघू लागतात आणि आठव्या ओळीत ती शिवी येऊन पडते. तोवर वाचणाऱ्याच्या तोंडात ती तयार झालेली असते.

त्या दिवशी म्हटलं, मराठीत करून बघू. सात ओळी फळ्यावर चढल्या. ‘आता या शब्दाला काय म्हणाल?’ मागून आलं, ‘काळ्या!’ मग ‘हबशी!’ हशा पिकला. मीसुद्धा लिहायला लागले होते, ‘का’ लिहून झाला होता.

तिसऱ्या बाकावर खिडकीशी सुदानहून आलेला मुलगा बसतो. त्याला मराठी कळत नाही, असं मी धरूनच चालले होते. तो वहीचा कोपरा दुमडत होता, उलगडत होता, पुन्हा दुमडत होता. मग वर न बघता म्हणाला, ‘मॅम, हे दोन्ही शब्द मला येतात. पुण्यात आल्यावर सगळ्यात आधी हेच शिकलो.’

तास संपल्यावर त्याला थांबवून घेतलं. फोनवर खोली ठरते, आणि हा दारात उभा राहिला की ती कालच गेलेली असते. बसमध्ये त्याच्या शेजारची सीट सगळ्यात शेवटी भरते. कंडक्टर बाकीच्यांना ‘अहो’ म्हणतो, याला ‘ए’. यातल्या कशाची तक्रार कुठे लिहून देणार? ‘कवितेतला मुलगा उलट काही बोलला की नाही, ते लिहिलेलं नाही,’ तो म्हणाला. ‘बोलला नसणार. मीही नाही बोलत. उतरून जातो.’

ही कविता शिकवताना मी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची ब्लॅक पँथर संघटना सांगते, त्यांच्यावरून नाव घेतलेली १९७२ ची आपली दलित पँथर सांगते. मन लावून सांगते. आणि तिसरा बाक मला दिसला नव्हता. मी भाड्याची चार घरं बदलली, पण माझा रंग किंवा आडनाव बघून कुणी दार लावून घेतलं नाही. म्हणून तर तो शब्द माझ्यासाठी भाषांतराचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. ‘काळ्या’ म्हणून ओरडलेला मुलगा तासभर मान वर करत नव्हता. भाषांतर पुरं केलं, आठवी ओळ मात्र मी कोरी सोडली.

‘लिहा, मॅम,’ सुदानचा मुलगा म्हणाला. ‘कोरी ठेवली तर त्या मुलाच्या काय लक्षात राहिलं, ते कळणार कसं?’

माझा हात उठेना. तोच पुढे आला, खडू घेतला आणि बसच्या पाट्या वाचून शिकलेल्या देवनागरीत, एकेक अक्षर जुळवत, तो शब्द लिहिला.