आधी घड्याळ, मग तलवार

शनिवार, रात्र. बाहेर पाऊस.

नवा फँटसी एमएमओ, म्हणजे हजारो जण इंटरनेटवरून एकाच दुनियेत खेळतात तसा खेळ, निवडायचा म्हटला की बहुतेक जण ट्रेलर बघतात, मग क्लास म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार ठरवतात, मग शंभर जीबी उतरवून घेतात आणि सगळ्यात शेवटी सर्व्हरचा पर्याय येतो तेव्हा वरचं पहिलं नाव दाबतात. गोव्यात बसून खेळणाऱ्याने नेमकं उलट टोक धरावं. मी रोज किती वाजता मोकळा असतो, आणि त्या वेळी कुठल्या सर्व्हरवर माणसं जागी असतात? बाकीचं सगळं या प्रश्नानंतर.

वहीत एकदा आकडे मांडले की चित्र स्वच्छ होतं. बहुतेक गिल्डांच्या, म्हणजे खेळाडूंच्या संघांच्या, रेड (ठरवून एकत्र केलेल्या मोठ्या लढाया) रात्री आठच्या सुमारास सुरू होतात. मध्य युरोपातले आठ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा, त्यांच्या उन्हाळ्यात साडेअकरा. सिंगापूरचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. जपानचे आठ, साडेचार. सिडनीचे आठ दुपारी साडेतीनला, आणि तिथला उन्हाळा असेल तर अडीचलाच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे रात्रीचे आठ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ, हिवाळ्यात साडेनऊ.

आता वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून सातला घरी येऊन, जेवून, नऊ ते अकरा खेळणारा माणूस घ्या. अंतराने त्याला सिंगापूर जवळचं. पण त्याचे नऊ वाजतात तेव्हा सिंगापुरात साडेअकरा झालेले असतात, तिथली मंडळी निजायच्या बेतात. युरोपात त्याच वेळी दुपारचे साडेचार-साडेपाच, म्हणजे गर्दी नुकती वाढायला लागलेली. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-यायला लागणारा वेळ, सिंगापूरकडे ओढतो आणि घड्याळ युरोपकडे. ही ओढाताण खेळ विकत घेण्याआधीच सोडवायची असते. कारण कॅरेक्टर एकदा एका प्रदेशात रुजलं की बहुतेक खेळांत ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही, किंवा पैसे मोजून न्यावं लागतं.

नऊ ते अकरा खेळणाऱ्याने म्हणूनच ठरलेल्या वेळेच्या रेडवर उभा असलेला खेळ टाळावा, असं माझं मत. त्याला हवा तो खेळ, ज्यात जाईल तेव्हा कुणीतरी भेटतं.

रविवार, दुपार. लाईट दोनदा गेली.

पिंगचं गणित साधं आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन दहा मिलिसेकंद. गोव्यापासून सिंगापूर सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आत आहे, फ्रँकफर्ट सात हजारांच्या आसपास. तेव्हा चाळीस आणि सत्तर मिलिसेकंद या झाल्या निसर्गाने आखलेल्या रेषा. कुठलाही महागडा राउटर त्यांच्या खाली नेणार नाही. केबल सरळ जात नाही, म्हणून प्रत्यक्षात सिंगापूर साधारण सत्तर ते शंभर, युरोप दीडशेच्या आगेमागे, अमेरिका सव्वादोनशेच्या वर असं धरून चालावं. युरोपची वाट तांबड्या समुद्रातून जाते. तिथल्या केबल फेब्रुवारी २०२४ मध्ये तुटल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा. असं झालं की वाहतूक लांबच्या वाटेने वळते आणि पिंग एका रात्रीत चढतो. अशा वेळी घरचा राउटर दहा वेळा रीस्टार्ट करण्यात अर्थ नाही.

मोजणी करावी ती खेळ उतरवण्याआधी, आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. सकाळचा आकडा फसवा असतो. शंभर पिंग पाठवून तीन गोष्टी बघायच्या: सरासरी, सगळ्यात मोठा आकडा, आणि वाटेत हरवलेली डेटाची पाकिटं. दीडशेचा स्थिर पिंग हाताला सवयीचा होतो. ऐंशीचा पिंग मध्येच चारशेवर उडत असेल किंवा शंभरात दोन पाकिटं गळत असतील, तर कुठलाच खेळ नीट चालत नाही.

हा दोष पुष्कळदा घरातच असतो. चिऱ्यांच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय एका खोलीपलीकडे जाऊ देत नाहीत, आणि २.४ वर शेजारपाजारची गर्दी. राउटर बाल्कावाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, बाजूला आणि पीसी मागच्या खोलीत असेल तर कॅट-६ ची लॅन केबल ओढणं हाच खरा उपाय. शंभर मीटरपर्यंत ती विनातक्रार चालते. पावसाळ्यासाठी राउटर आणि फायबरच्या डब्याला छोटा डीसी यूपीएस लावावा, पण अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, सगळे नसतात. गडगडाट सुरू झाला की पीसीचा प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवायची. फायबरमधून वीज येत नाही, तांब्याच्या तारेतून येते.

उतरवून घ्यायचं गणितही आधीच करावं. शंभर जीबीला १०० एमबीपीएसच्या लाइनवर सव्वादोन तास लागतात, ४० च्या लाइनवर साडेपाच. दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल डेटावर पन्नास दिवस, म्हणजे अशक्यच. एकदा खेळ आत आला की मग रोजच्या खेळण्याला डेटा फार थोडा लागतो, तेव्हा हॉटस्पॉटवर वेळ निभावते.

रविवार, रात्र.

आता खेळ. पिंग आणि घड्याळ या दोन चाळण्यांतून काय खाली उरतं, ते बघायचं.

ओल्ड स्कूल रूनस्केप सगळ्यात सोशिक. २०१३ पासून चालू आहे आणि त्याची सगळी दुनिया ०.६ सेकंदाच्या टप्प्यांनी पुढे सरकते. दोनशे मिलिसेकंदांचा उशीर त्या टप्प्यात बराचसा मुरून जातो. फोनवर आणि पीसीवर कॅरेक्टर एकच, त्यामुळे लाईट गेली तरी झाडं तोडणं आणि मासे पकडणं चालूच राहतं. दिसायला जुना आहे आणि सुरुवात संथ. ज्याला पहिल्याच दिवशी ड्रॅगन हवा त्याने इकडे वळू नये.

फायनल फँटसी १४ ची फ्री ट्रायल मला सगळ्या खेळांत उदार वाटते. २०२३ मध्ये तिची मर्यादा ७० लेव्हलपर्यंत वाढली, त्यात मूळ खेळाबरोबर दोन एक्स्पान्शन (नंतर आलेले जोडभाग) येतात आणि दिवसांचं बंधन नाही. कथा वाचायची आवड असलेल्याचे कित्येक महिने त्यातच जातात. ट्रायलवर खेळातला बाजार बंद असतो आणि गिल, म्हणजे खेळातलं नाणं, तीन लाखांच्या वर साठवता येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं हे, की पूर्ण खेळ घेतला की तेच खातं पुन्हा ट्रायलवर येत नाही. सेलमध्ये स्वस्त दिसला म्हणून घाईने घेतात आणि फुकटचा रस्ता कायमचा बंद होतो. शिवाय मूळ खेळ स्टीमवर घेतला तर एक्स्पान्शनही त्या खात्यासाठी स्टीमवरच घ्यावी लागतात.

याची लढाई अडीच सेकंदांच्या तालावर चालते, म्हणून आपल्या पिंगला झेपते. दोन नियम पाळायचे. एक, जमिनीवर नारिंगी वर्तुळ दिसताच सुटायचं. बॉसची, म्हणजे मोठ्या राक्षसाची, वाराची तयारी दाखवणारी कास्ट-पट्टी भरते त्या क्षणी सर्व्हर तुम्हाला जिथे समजतो, तिथेच तुम्ही असता, मग पडद्यावर बाहेर दिसत असलात तरी फटका बसतो. दोन, दोन मुख्य वारांच्या मध्ये एकच मधली क्षमता वापरायची. जास्त पिंगवर दोन घातल्या की पुढचा वार मागे ढकलला जातो. चार जणांच्या डंजनला (गटाने उतरायच्या भुयाराला) मार झेलणारा एक टँक, जखमा भरणारा एक हीलर आणि मारा करणारे दोन डीपीएस लागतात. डीपीएस सगळ्यांनाच व्हायचं असतं, म्हणून त्यांना रांगेत सर्वांत जास्त थांबावं लागतं. हाताशी दोनच तास असतील तर हीलर किंवा टँक शिकावा. रोजची रूलेट, म्हणजे जादा बक्षीस देणारं सोडतीचं डंजन, आपल्या रात्री साडेआठला नव्याने उघडते, जेवणाआधी एक होऊन जाते.

अल्बियन ऑनलाइनचा आशियाचा सर्व्हर २०२३ पासून सिंगापुरात आहे, फोनवरही चालतो, पिंग सुखाचा. पण लाल आणि काळ्या प्रदेशात मेलात की अंगावरचं सगळं जातं. घालवून दुःख होईल असं काही अंगावर घालून तिथे जायचंच नाही. साध्या आयुधांचे चार-पाच जोड आधी तयार ठेवून निघावं. निळा आणि पिवळा प्रदेश शिकण्यासाठी पुरेसा आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २० लेव्हलपर्यंत फुकट बघता येतो. पुढे मासिक वर्गणी, आणि नव्या एक्स्पान्शनला जुनी आयुधं मागे पडतात. ठरलेल्या वेळेचा गिल्ड मिळत असेल तरच जावं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन २०१५ पासून वर्गणीशिवाय खेळता येतो आणि एकट्याने भटकायला सुरेख, पण वर्गणीची क्राफ्ट बॅग, म्हणजे कच्च्या मालाची वेगळी थैली, नसली की पिशवी रोज भरते.

वर्गणीबद्दल एवढं: कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. दर महिन्याचं आपोआप पेमेंट ई-मँडेटच्या, म्हणजे आधी मंजुरी देण्याच्या, नियमामुळे पुष्कळदा अडतं, म्हणून एकदाच तीस किंवा साठ दिवसांचा वेळ विकत घ्यावा. स्टीमवर यूपीआय चालतं.

आणि नऊ ते अकरावाल्यासाठी माझी निवड गिल्ड वॉर्स २. मूळ खेळ फुकट, वर्गणी नाही. २०१२ पासून लेव्हल ८० च्या पुढे गेलेली नाही, तेव्हा चवथीत किंवा शिगम्यात पंधरा दिवस हात लागला नाही तरी परत येऊन आयुधं तीच पुरतात. दुसऱ्याबरोबर मारलेल्या राक्षसात वाटा मिळतो, कुणाचं काही हिरावलं जात नाही. अनोळखी माणसं एकमेकांना उठवायला धावतात, आणि त्यासाठीच मला हा खेळ प्रिय आहे. डॉज, म्हणजे फटका चुकवणारी कोलांटी, पाऊण सेकंद वाचवतो. युरोपच्या पिंगवर तो फटक्याच्या किंचित आधी दाबायचा, एवढं हाताला शिकवावं लागतं. फुकट खात्यावर व्यापारावर आणि टपालावर बंधनं आहेत, सुरुवातीला ती जाणवत नाहीत.

मोठ्या बॉसची वेळ यूटीसी या जागतिक वेळेवर बांधलेली असते, उन्हाळा-हिवाळ्याने हलत नाही. शॅडो बेहेमथ आपल्या रात्री सव्वानऊला, टेकाटल साडेनऊला. नव्याने मानव कॅरेक्टर केलं तर क्वीन्सडेलमध्येच सुरुवात होते. शॅडो बेहेमथ तिथल्याच गॉडस्लॉस्ट दलदलीत येतो; तिचा वेपॉइंट, म्हणजे नंतर थेट पोचायची खूण, दिवसा चालत जाऊन उघडून ठेवावा, रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी तिथे उभं राहावं, आणि जांभळी दारं उघडायला लागली की गर्दी ज्या दाराशी कमी तिकडे जावं.