मोजणी नकाशा मागतात? लेखी मागा म्हणावं

सामूहिक वनहक्काचा दावा करणाऱ्या ग्रामसभांना माझं पहिलं सांगणं हेच, की तोंडी हरकत ऐकून घरी परतू नका.

आमचं गाव पूर्व विदर्भातलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं आपल्या पारंपरिक जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिलाय. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर तो मिळाला, तेव्हापासून आमच्याकडेही हा विषय निघत होता. गावाची वनहक्क समिती झाली, शीव फिरून झाली, ठराव झाला. अडलं ते उपविभागीय कार्यालयात.

‘मोजणी नकाशा जोडा, मग बघू.’ टेबलावरचं उत्तर ठरलेलं. मोजणीवाले म्हणत, वनजमीन आहे, वनविभागाचं पत्र आणा. वनविभाग म्हणे, आधी दावा आमच्यापर्यंत येऊ द्या. पुन्हा पहिल्या टेबलाशी गेलो तर गठ्ठ्याला आम्ही मारलेली सुतळीची गाठ तशीच. फाइल उघडलीच नव्हती! मजुरी बुडवून सोबत आलेल्या बाया व्हरांड्यात बसून होत्या आणि इकडे आमच्या रानातला कोवळा बांबू बाहेरचे लोक तोडून नेत होते. तो संताप अजून गेलेला नाही.

मग या कायद्याचे नियमच काढून वाचले. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. निस्तार म्हणजे जळण-लाकडासारख्या रोजच्या गरजांसाठीचा जंगलाचा वापर, गुरं चारायच्या जागा, पाणवठे, देवराई, स्मशानभूमी, म्हाताऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, सगळं चालतं. 2012 च्या दुरुस्तीनं तर स्पष्टच केलंय की अमुकच कागद हवा असा हट्ट दावा तपासणाऱ्या उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे पाठवायचा. निर्णयाची कारणंही लेखी द्यायची. ग्रामसभेनं एवढंच विचारणारं पत्र दिलं, की नकाशा कोणत्या नियमाखाली मागता ते लेखी कळवा. आवक शिक्का मारलेली पोच घेतली. लेखी उत्तर काही आलं नाही, पण दावा उपविभागीय समितीच्या बैठकीपुढे आला आणि पुढे जिल्हा समितीनं मंजूरही केला. हक्कपत्र हातात आलं तेव्हा फार अभिमान वाटला.

आमच्या दाव्यातला सगळ्यात भक्कम पुरावा मोजणीचा नव्हताच. एका आजीनं गावच्या वनहक्क समितीला जागेवर नेऊन शिवेचा दगड, पडीक बोडी (छोटं तळं) आणि गुरांची जुनी वाट दाखवली. तिचा जबाब तिथंच लिहून अंगठा घेतला. तुम्हीही हे काम गावात बसून उरकू नका.

आणखी एक, ठरावाच्या सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. सह्या मोजूनच सभा संपवा.

हक्क मिळाल्यावर लगेच खड्डे खणत सुटू नका. जिथं खुंट आणि मुळं जिवंत आहेत, तिथं चराई आणि वणवा थांबवला की जंगल आपसूक उठतं. बांबूच्या बेटातले जुने, पक्के बांबूच काढा, त्या वर्षीच्या कोंबांना हात लावू नका. रोपं फक्त उघड्या पट्ट्यात लावा. मोह लावणार असाल तर टोळ्या, म्हणजे मोहाच्या बिया, पडल्या की ताज्याच पेरा, साठवल्या तर त्यांची उगवण झपाट्यानं जाते.