गच्ची विरुद्ध अंगण: पर्जन्यमापकाचा निकाल (जवळपास) लागला

गच्चीवरच्या गेजची, म्हणजे पर्जन्यमापकाची, पदावनती झाली आहे. मागच्या अपडेटमध्ये मोठ्या दिमाखात जाहीर केलं होतं, की अंगणात आंबा आणि चिकू आडवे येतात, तेव्हा यंदा मुख्य केंद्र गच्चीवर आणि अंगणातला गेज नुसता सोबतीला. आर्द्रा गेली, पुनर्वसू गेलं, वही भरत गेली आणि गच्ची सारखी अंगणाच्या मागे. कधी पाऊणपट, कधी त्याहूनही कमी. घर एक, ढग तोच, मध्ये एक जिना. थोरली वैतागून म्हणाली, "मग वाईत खरा पाऊस पडला किती?" यंदाचा सगळा पावसाळा या एका प्रश्नाने खाल्ला. फुलपाखरांची वही, नदीकाठचे दगड, सगळं बाजूला पडलं. आता मात्र काहीतरी हाती लागलंय.

पहिला संशय अर्थातच गेजवर. दोन्ही आपले नेहमीचेच, बाटलीवर नरसाळं बसवलेले, ११.३ सेंमी तोंडाचे. म्हणजे १०० चौरस सेंमी, म्हणजे १० मिलीला १ मिमी. (हे गणित थोरलीने स्वतः सोडवलं तेव्हापासून तिची आणि π ची (पायची) दोस्ती आहे.) दोघांची अदलाबदल करून पाहिली. फरक गेजबरोबर हलला नाही, जागेलाच चिकटून बसला. मग गळती: दोन्हीत २०० मिली मोजून ओतलं, नरसाळ्यावर ताटली झाकली, सकाळी तेवढंच्या तेवढं. मग बाष्पीभवन, कारण उघडीप पडली की स्लॅब तापतो. तेलाचा थर वाफ अडवतो म्हणून दोन्हीत गोडेतेलाचे चार थेंब सोडले. फरकावर ढिम्म परिणाम नाही. मोजपात्र तेवढं ओशट झालं आणि धाकट्याला पाण्याची रेष दिसेना. तेल घालायचंच तर खोबरेल नको, आमच्याकडे पावसाळी पहाटे ते थिजायला लागतं.

मोजपात्रावरून आठवलं. शेतीच्या दुकानात तो शंकूच्या आकाराचा, आकडे छापलेला स्वस्त प्लॅस्टिक गेज मिळतो, तो घेऊ नका. आमचा एका उन्हाळ्यात ठिसूळ झाला, आणि आकडे मोजपात्राशी ताडून पाहिले तर वरच्या अर्ध्या भागात चक्क चुकीचे निघाले. काचेचं मोजपात्र दिसायला देखणं असतं, पण साडेआठला ओल्या हातांनी दोन पोरं त्यावर झोंबणार असतील तर पॉलीप्रॉपिलीनचं १०० मिलीचं घ्या. साडेआठ म्हणजे सकाळचे, वेधशाळेसारखे. त्या वेळी गल्लीत स्कूलबस हॉर्न वाजवत असते आणि आमचा वर्ग (पोरं शाळेत न जाता घरीच शिकतात) छत्री घेऊन बाहेर निघालेला असतो.

असो. कोंडी फुटली ती सासूबाईंमुळे. तुळशीवृंदावनाचा गेरू पावसाने धुपून शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर उडाला होता आणि त्या त्यावरून कुरकुरत होत्या. आमचं गेजपुराण त्यांच्या कानावर होतंच. म्हणाल्या, "पाऊस वरूनच पडतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? हे बघा, खालून वर पडलाय." दोघं पोरं पट्टी घेऊन भिंतीला चिकटली. लाल ठिपके फरशीपासून गुडघ्याच्या वर गेलेले, काही तर दीड फुटावर. गेजचं तोंड ३० सेंमीवर! ती उंची हिरवळीसाठी, मातीसाठी ठीक. शहाबादी फरशीवर आपटलेला थेंब तिथे सहज पोचतो.

त्याच संध्याकाळी गेजभोवतीच्या फरशीवर गेरूची पूड भुरभुरवली. रात्री दोन चांगल्या सरी आल्या. सकाळी बाटलीतलं पाणी स्टीलच्या वाटीत ओतलं तर नीट गुलाबी, आणि निवल्यावर तळाशी लाल गाळ. धाकट्याने तो बोटावर घेऊन सगळ्या घराला दाखवला, दूधवाल्यालासुद्धा. म्हणजे गच्ची कमी सांगत होती हे खरं, पण अंगणही वाढवून सांगत होतं. ज्याला प्रमाण धरून गच्चीला बोल लावत होतो तोच साक्षीदार फुटला.

गेज परसात हलवला. तिथे भाजीचे वाफे, मधल्या पट्ट्यात हरळी, आणि अडथळा म्हणावा तर शेजाऱ्यांची पाच फुटी भिंत. भिंत गेजच्या तोंडापेक्षा जेवढी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर हवं, चौपट मिळालं तर उत्तम. थोरलीने दोरीने मोजून खुंटी ठोकली, अडीचपटीवर जागा मिळाली. गेरूची परीक्षा पुन्हा घेतली, पाणी स्वच्छ. गच्ची आणि परस यांतला फरक आता निम्म्यावर आला.

निम्म्यावर, पण मिटला नाही. आणि इथून पुढचं श्रेय थोरलीचं.

तिच्या वहीत 'पावसाची जात' असा रकाना पहिल्यापासून आहे: भुरभुर, रिपरिप, सर, झड, वळवासारखा. मृगात हौसेने सुरू झालेला हा रकाना मला खरं तर शोभेचाच वाटायचा. गेज परसात आल्यावर तिने त्याच्या शेजारी वाऱ्याचा रकाना आखला, बोफर्टच्या मापाने: पानं सळसळली की २, डहाळ्या सतत हलत राहिल्या की ३, धूळ-कागद उडाले की ४ (पावसाळ्यात धूळ कुठली, दोरीवरच्या कपड्यांवरून अंदाज). मग एका दुपारी, पूर्वा नक्षत्रात, गडगडाट करत वळवासारखा जाड थेंबांचा पाऊस आला. वारा जवळजवळ नाही. परसात ३१, गच्चीवर ३०.५. तिने दोनदा मोजलं. त्याच आठवड्यात महाबळेश्वरकडून भणाण वारा आणि दिवसभर भुरभुर: परसात ९, गच्चीवर ६. आलेख कागदावर आडवा वारा, उभा फरक टक्क्यांत, असे ठिपके मांडत गेली तर उजवीकडे चढत जाणारी ओळ. मधले काही ठिपके वाट्टेल तिथे आहेत, पण ओळ आहे. तो कागद सध्या फ्रिजवर आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. परवा एक काका नेहमीप्रमाणे "दहावीचं काय करणार?" विचारायला आले होते. शाळेबाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म असतो एवढं सांगेपर्यंत त्यांना फ्रिजपुढे उभं केलं गेलं.

कारण समजायला उदबत्ती लागली. पावसात अडकलेली दुपार, टेबलफॅन सगळ्यात हळू, समोर रिकामा गेज आणि त्याच्याही पुढे उदबत्ती. धूर सरळ येतो, गेजच्या अलीकडेच वर उचलला जातो आणि तोंडावरून उडी मारून पुढे जातो. तोंडावर वारा कमी व्हायच्या ऐवजी आणखी जोरात. त्या झोतात जाड थेंब आपल्या वजनाने खाली पडतो, बारीक थेंब वाऱ्याबरोबर पलीकडे जातो. गच्चीवर तर अख्खं घरच वाऱ्याला वर ढकलत असतं. धाकट्याने उदबत्ती खाली-वर करून कुठल्या उंचीचा धूर नरसाळ्यात शिरतो ते शोधायचा खेळ केला आणि तासभर मला मोकळीक मिळाली.

हा वाद जुना आहे हे कळल्यावर तर दोघांना फारच भारी वाटलं. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७६६-६७ मध्ये वर्षभर लंडनमध्ये तीन गेज ठेवले होते: वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर, जवळच्या घराच्या छपरावर आणि बागेत. बागेत साडेबावीस इंचांच्या वर, घरावर अठराच्या आसपास, ॲबीवर बारा. इंचांचे मिमी करा, टक्केवारी काढा, आमच्या गच्चीशी ताडून पहा: गणिताचा आख्खा आठवडा निघाला, तोही न भांडता. या कोड्याचं उत्तर वारा हे आहे, असं १८६१ मध्ये मांडलं जेव्हन्सने. अर्थशास्त्रात ज्याचं नाव घेतात तोच हा. तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत नोकरी करता करता हवामानाच्या नोंदी ठेवायचा. नोकरी सांभाळून गेज वाचणाऱ्या माणसाबद्दल मला लगेच आपुलकी वाटली.

थोरलीचा पुढचा प्रश्न मात्र खेळातला नव्हता. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांचं चक्र फिरतं. "परसात ६८ पडला आणि गच्चीने ६२ सांगितला, तर?" मुसळधारेत फरक कमी असतो हे तिला आलेखावर दाखवलं. "कमी असतो, शून्य नसतो," म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर उपाय. पहिला बेत वारारोधकाचा. दोन नमुने माहीत होते: निफरचं कर्ण्यासारखं तोंड (१८७८) आणि ऑल्टरच्या लोंबत्या पट्ट्या (१९३७). कर्णा आपल्या बसची बात नाही. पट्ट्या जमल्या. सायकलची जुनी २६ इंची रिम भंगारवाल्याकडून आणली, आऱ्या काढल्या, तीन काठ्यांवर गेजभोवती आडवी बांधली, तोंडापेक्षा जराशी वर. नवऱ्याने तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या. कडा इतक्या धारदार की पोरांना हात लावू देईना, म्हणून जुन्या प्लॅस्टिक फायली कापून टांगल्या. खऱ्या ऑल्टरचा घेर आमच्या जवळपास दुप्पट असतो, पण सुरुवात म्हणून ठीक. पट्ट्या रात्रभर फडफडतात, त्यावर शेजारून एक सौम्य निरोप आला आहे. उपयोग होतो का? उत्तरा कोरडी चाललीय, आकडे फार थोडे. जे आहेत त्यांत गच्ची किंचित सावरल्यासारखी वाटते. 'वाटते' हा शब्द थोरली वहीत लिहू देत नाही.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. रोधक लावून वारा अडवण्यापेक्षा गेजच वाऱ्याच्या वाटेतून काढला तर? खड्ड्यातला गेज: तोंड जमिनीच्या पातळीला, भोवती जाळी, म्हणजे वर उडालेले थेंब आत यायला नकोत. इतर गेज ताडून पाहायला जगभर असाच खड्डा प्रमाण धरतात. अडचण एकच, आमच्या परसातली काळी माती. खड्डा केला की त्याची विहीर होणार आणि गेज तरंगणार. तळाशी मुरूम आणि खडी टाकून, उताराकडे पाइप काढला तर जमेल बहुतेक. नाहीतर मेणवलीच्या वाटेवर ओळखीच्यांचं शेत आहे, तिथली जमीन निचऱ्याची आहे. तिथे मात्र शेळ्या आहेत, आणि शेळी जाळी खाते की नाही यावर घरात दोन तट आहेत.

आणि हे ठरेपर्यंत वाई-पाचगणी-महाबळेश्वरचा पर्जन्यछायेचा आलेख पुढे ढकलला. मला याचंच सर्वांत वाईट वाटतंय, कारण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी आणि तीसेक किलोमीटरवर आमच्याकडे हजाराच्या आत, हे पोरांनी स्वतःच्या आकड्यांतून उभं करावं ही कधीची हौस. पण पाचगणीच्या मावशीचा गेज आहे दुमजली घराच्या गच्चीवर, पठाराच्या वाऱ्यात. तिचे या पावसाळ्याचे आकडे परसातल्या आकड्यांशेजारी ठेवले तर पर्जन्यछाया किती आणि गच्चीचा वारा किती, हे वेगळं कसं करणार? तिन्ही गेज एकसारखे बसल्याशिवाय तो आलेख काढायचा नाही, असं सर्वानुमते ठरलं. मत एक विरुद्ध: धाकटा. त्याला आकडे आत्ताच हवेत, नक्षत्रांच्या वाहनांसाठी. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचं आणि बाकीवरून वाहन काढायचं हे आजीने शिकवल्यापासून तो भागाकाराला घाबरत नाही. हत्ती, बेडूक, म्हैस आले की पाऊस खरंच जास्त पडतो का हे त्याला सिद्ध करायचंय. एका पावसाळ्यावरून काही ठरत नाही म्हटलं, तर म्हणे मग पुढच्या वर्षीही मोजू.

हस्ताचा पाऊस गडगडाटी जाड थेंबांचा आला तर गच्ची आणि परस पुन्हा जुळायला हवेत. जुळले नाहीत तर वरचं सगळं पुन्हा तपासायला घेऊ. दिवाळीआधी पाचगणीला जाऊन मावशीचा गेज खाली बागेत आणायचा आहे. काळ्या मातीत कुणी खड्ड्यातला गेज बसवला असेल तर निचऱ्याचं काय केलंत ते सांगा. आणि २६ इंची आणखी एक जुनी रिम कुणाकडे पडून असेल तर कळवा, आमच्या भंगारवाल्याला गरज कळली आहे आणि त्याने भाव वाढवलाय.