एका कानाचा हिशेब

माझ्या धाकट्या भावाला सातव्या वर्षी गालगुंड झाले आणि त्यात त्याचा डावा कान कायमचा गेला. (सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची मिळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.) उजवा कान ठणठणीत असल्याने वर्षभर कोणाच्या लक्षातही आले नाही. आई चुलीपाशून हाक मारायची, तो भलतीकडेच मान वळवायचा आणि मुद्दाम करतो म्हणून मार खायचा.

बारावीनंतर जिंतूर रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या पोरांत तोही होता. सैन्यभरतीत धावणे, उंची, छाती सगळे जमले. वैद्यकीय तपासणीत मात्र तो बाद झाला, कारण तिथे दोन्ही कानांनी नीट ऐकू यावे लागते. हा नियम मला पटतो. पहाऱ्यावरच्या माणसाला आवाज कुठून आला हे कळलेच पाहिजे.

मग कोणीतरी सुचवले की दिव्यांग प्रमाणपत्र काढा, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव असतात. सरकारी रुग्णालयात हेडफोन लावून तपासणी झाली. आवाज आला की बोट वर करायचे होते. उजव्या कानाच्या वेळी बोट लगोलग वर जात होते, डाव्याच्या वेळी हात मांडीवर तसाच पडून राहिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या मोजणीत चांगल्या कानाच्या बहिरेपणाच्या टक्केवारीला ५ ने गुणतात, त्यात अधू कानाची टक्केवारी मिळवतात आणि बेरजेला ६ ने भागतात. चांगल्याचे शून्य, अधूचे १००, म्हणजे उत्तर आले सुमारे १७. आरक्षणाला किमान ४० लागतात. डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचा भाऊ नॉर्मल आहे."

एका टेबलावर जो कान उणा म्हणून नोकरी गेली, तोच कान दुसऱ्या टेबलावर जवळजवळ हिशेबातच धरला गेला नाही, आणि दोन्हीकडचे कागद नियमाला धरूनच होते. दोन कानांपर्यंत आवाज पोचण्यात जो किंचित फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. त्या सूत्रात दिशेला जागाच नाही. भरतीत दिशेचे मोल कळते, तर प्रमाणपत्र देताना ते का कळू नये, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

आता तो शेती पाहतो. रात्रीची लाईट असली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावे लागते, आणि अंधारात रानडुक्कर खसखसले तर ते कोणत्या अंगाला आहे हे त्याला उमगत नाही. म्हणून मी सोबत जातो आणि बांधावरून चालताना त्याच्या डाव्या हाताला राहतो.