१९९ रुपयांत कितीही मेल

योगवर्ग घेणाऱ्या एका काकूंची वेबसाइट मी करून दिली होती. त्या म्हणाल्या, "फॉर्म भरला की पहिला मेल लगेच जावा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. एवढंच करून दे ना." परदेशी ऑटोरिस्पॉन्डरचं, म्हणजे असे मेल आपोआप पाठवणाऱ्या सेवेचं, डॉलरमधलं बिल त्यांना नको होतं. तिथून माझा धंदा सुरू झाला.

दर चहा पिता पिता ठरवला: महिना १९९ रुपये, कितीही नावं, कितीही मेल. प्रत्यक्ष मेल पाठवायला ॲमेझॉनची एसईएस ही मेल पाठवायची सेवा घेतली. तिथे हजार मेलला १० सेंट. यादीत हजार नावं आणि आठ मेलची मालिका धरली, तर ८,००० मेल, म्हणजे ८० सेंट. उरलेला सगळा नफा, असं वाटलं.

नव्या खात्याला २४ तासांत २०० मेलची मर्यादा असते, तेही आधी तपासलेल्या पत्त्यांवरच. ती उठवून घ्यायला मी दोन ओळींचा अर्ज केला, तो नाकारला गेला. परत आलेल्या मेलचं काय करणार, 'नको' म्हणणाऱ्याचं नाव कसं काढणार, हे सविस्तर लिहिल्यावर काम झालं. तेव्हा वैताग आला होता. पुढे कळलं, ते प्रश्न मीच माझ्या गिऱ्हाइकांना विचारायला हवे होते.

कारण चौथ्या महिन्यात प्लॉट विकणारे एक गृहस्थ आले आणि त्यांनी १८,००० पत्त्यांची विकत घेतलेली यादी चढवली. १९९ रुपयांत! संध्याकाळपर्यंत दोन हजारांच्या आसपास मेल परत आले. बाउन्स, म्हणजे परत येणाऱ्या मेलचं प्रमाण, ५ टक्क्यांवर गेला की एसईएसवाले खातं तपासायला घेतात, १० टक्क्यांवर गेला की पाठवणं थांबवू शकतात. थांबलंच. सगळी गिऱ्हाइकं एकाच खात्यावर, त्यामुळे काकूंचेही मेल अडकले. त्यांचा फोन आला तेव्हा खरं कारण सांगायची लाज वाटली.

खातं सुरू होईपर्यंत मी वही घेऊन बसलो आणि कुठे किती वेळ जातो ते लिहून काढलं. पाठवण्याचा खर्च किरकोळच होता. वेळ खात होतं ते डोमेनचं, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वेबसाइटच्या नावाचं, काम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी (मेल खरंच त्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात, छोट्यालाही पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच. या नोंदी डोमेनच्या खात्यात शिरून कराव्या लागतात आणि त्या खात्याचा पासवर्ड हमखास दुबईतल्या भाच्याकडे असतो. एका गिऱ्हाइकामागे दोन तास, बहुतेक फोनवर.

मग नवा दर. सुरुवातीच्या जोडणीचे १,५०० एकदाच, ५०० नावांपर्यंत महिना ३४९, २,००० पर्यंत ७९९. मेल मोजून पैसे लावायचा मोह झाला होता, पण मग माणूस पैसे वाचवायला मालिकाच छाटतो आणि 'उपयोग होत नाही' म्हणून निघून जातो. वर्षाचे एकदम भरले तर दहा महिन्यांचेच घेतो. दरमहा आपोआप कापायची सोय आहे, पण खात्यात शिल्लक नसली की पुन्हा आपणच फोन करायचा. उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने मी जीएसटी नोंदणी केलेली नाही. पण एसईएसच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी मला परत मिळत नाही, तोही दरात धरला. विकतची यादी चढवायला सरळ बंदी.

चाळीसपैकी अकरा जण गेले. फोन निम्म्याहून कमी झाले.

काकूंनी मात्र बिल नीट वाचलं. "अरे, ५४० नावं कुठून आली? साठ-सत्तर जणांनी तर 'नको' म्हणून कळवलंय. गेलेल्या माणसांचे पैसे का घेतोस?"

बरोबर होतं त्यांचं. मी यादीतली सगळीच नावं मोजत होतो. त्या रात्री मोजणीचा कोड बदलला आणि काकूंना ३४९ चं नवं बिल पाठवलं.